मोरचुदाचा डाग

१६ ऑगस्ट १९८१, रविवार

श्रीराम. ही डायरी एकोणऐंशी सालची, यांच्या कचेरीतून मिळालेली आणि कोरीच राहिलेली. वार खोडून नवे घालते आहे. कागद उत्तम आहे, टाकवत नाही. हिशेबाची वही निराळी. तिच्यात मनातलं लिहायला गेलं की बेरीज चुकते.

नवरात्राला सहा आठवडे उरले. कोलूच्या, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडतात त्या, बाहुल्या बघायला येणाऱ्या बायकांना हळदकुंकू, विडा आणि वर एखादी वस्तू द्यावी लागते. गेल्या वर्षी मी प्लास्टिकच्या डब्या दिल्या. मद्रासच्या आमच्या सगळ्या तिरुवल्लिकेणी पेठेनं त्याच डब्या दिल्या. माझ्याकडं फिरून एकोणीस आल्या, त्यातल्या चार तर माझ्याच असाव्यात. वरच्या मजल्यावरच्या कनका मामी म्हणाल्या, "सई मामी, यंदा नुसती झाकणं वाटा. डब्या सगळ्यांकडं आहेत."

यंदा बाजारची वस्तू द्यायची नाही असं ठरवलं आहे. काय द्यायची ते रामरायानं सुचवावं.

१९ ऑगस्ट

सुचलं. माझ्याकडं एक ट्रंक भरून लग्नपत्रिका आहेत. पत्रिकेवर गणपती असतो, वेंकटेश असतो, लक्ष्मी असते. कोपऱ्यांना हळद लावलेली असते. अशी वस्तू केरात कशी टाकायची? बावीस वर्षं साठवते आहे. राजसअक्का, म्हणजे यांची मोठी विधवा बहीण, ट्रंकेला पाय अडखळला की म्हणतात, "जगाची लग्नं आपल्या घरात तुंबली आहेत."

या पत्रिकांचे पुठ्ठे करून आत कोरे कागद घालायचे. छोट्या टिपणवह्या. दुधाचा, धोब्याचा हिशेब लिहायला कोणत्या बाईला नको असतात? देव फुकट जाणार नाहीत आणि घरोघरी राहतील.

यांना सांगितलं. हे खिडकीशी बसले होते. चैत्रात उजवं अंग गेलं. पाय परत आला, बोलणं आलं, हात आला नाही. एकतीस वर्षं नकाशाच्या कचेरीत गावांची नावं लिहिलेला हात. मुंगीएवढी अक्षरं, पण भिंग लावून पाहिलं तरी एक फाटा इकडचा तिकडं नाही. साहेब लोक परगावचे पाहुणे आले की यांच्या टेबलाशी आणून दाखवायचे.

हे म्हणाले, "कागद कुठला घेणार?"

चार महिन्यांत पहिल्यांदा यांनी मला काही उलटून विचारलं.

२२ ऑगस्ट, शनिवार

अँडरसन स्ट्रीटला जाऊन आले. तिथं छापखान्यांतून उरलेल्या कागदांच्या पट्ट्या वजनावर मिळतात. पाच किलो घेतल्या, पिशवीचा बंद तुटला, बसमध्ये कंडक्टरनं ओझ्याचं तिकीट मागितलं. मी म्हटलं, सरस्वती आहे. तो म्हणाला, "सरस्वती असली तरी मांडीवर घ्या."

यांनी एक पट्टी घेतली, डाव्या हातानं उजेडात धरली, मग दातांत एक टोक धरून फाडली. सरळ फाटली. दुसरीकडून फाडली तर वेडीवाकडी. म्हणाले, "कागदालाही उभं-आडवं असतं, कापडासारखं. ज्या बाजूनं सरळ फाटतो ती बाजू बांधणीला समांतर ठेव. नाही तर महिन्यात तुझे गणपती पाठ वळवतील."

छत्तीस वर्षं संसार केला, मला हे माहीत नव्हतं.

२६ ऑगस्ट

रीत बसली. मी कागद कापते, बत्तीस पानांची गड्डी करते, पाट्यावर ठोकून कडा एकसारख्या करते. मग गड्डी दोन फळ्यांमध्ये घालून वर पाटा ठेवायचा, आणि बाहेर राहिलेल्या कडेला मैद्याची खळ लावून जुन्या मलमलीची पट्टी चिकटवायची. खळीत चिमूटभर मोरचूद घालते, म्हणजे झुरळं खात नाहीत. विषारी असतो, म्हणून तो डबा देवघराच्या वरच्या फळीवर.

रेघ आखायची वेळ आली की हे आपला उजवा हात डाव्यानं उचलतात आणि फूटपट्टीवर ठेवतात. पट्टी हलत नाही. मी पाहत राहिले तशी म्हणाले, "हा आता पेपरवेट. सरकारनं एकतीस वर्षं वापरला, उरलेला तू वापर."

मी हसले आणि आत जाऊन डोळे पुसले.

पहिली वही तयार झाली. वर रुपेरी लक्ष्मी, कडेला माझ्या जुन्या कांजीवरमची जर. हळदीचा पिवळा कोपरा मी कापून टाकणार होते. हे म्हणाले, "तोच ठेव. बाकी सगळं छापलेलं आहे, तेवढंच हातानं लावलेलं आहे." खरंच, त्या कोपऱ्यानंच वही शोभते. अक्कांनी उलटसुलट करून पाहिली, वास घेतला आणि म्हणाल्या, "विकत आणल्यासारखी वाटत नाही." आमच्या अक्कांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

४ सप्टेंबर, शुक्रवार

अकरा वह्या झाल्या. आज एक गोष्ट घडली ती लिहून ठेवते.

स्वयंपाकघरातून बाहेर आले तर यांनी डाव्या हातात ब्रश घेऊन लक्ष्मीच्या चित्राला मागून खळ लावायला घेतली होती. मी म्हटलं, "अहो, डावा हात नको. लक्ष्मी आहे. हळदकुंकवाची वस्तू, सवाष्णींच्या हातात जायची." कागद कापणं, पट्टी धरणं ठीक, पण देवाला डावा हात कसा लावायचा? जेवायलासुद्धा मी यांना माझ्या हातानं भरवते ते उगीच नाही.

"बरं," म्हणाले. ब्रश वाटीत ठेवला आणि हात उपरण्याखाली घेतला. रागावले नाहीत. अक्का मात्र माझ्याकडं अशा बघत राहिल्या जसं काही मी दूध उतू घालवलं. "काय झालं?" विचारलं. "काही नाही गं. जुनं आठवलं." आणि माळ घेऊन बसल्या.

चुकलं असं वाटत नाही. पण संध्याकाळभर हे भिंतीकडं तोंड करून पडून होते, जूनमध्ये होते तसे.

जूनचं लिहायचं टाळत होते. जूनमध्ये पेन्शनच्या कागदावर सही हवी होती. सही जमेना. बँकेतला तरुण कारकून रामस्वामी चांगल्या घरचा, आवाज न चढवता म्हणाला, "अंगठा चालेल, सार." पुरुषांचा डावा अंगठा घेतात. त्यानं यांचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर फिरवला, जसं लहान मुलाचं नाक पुसावं. घरी येऊन हे अर्धा तास न्हाणीघरात अंगठा धूत होते. बाहेर आले आणि म्हणाले, "नोव्हेंबरात जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. मी येणार नाही. मेला म्हणून कळव."

आणि हे जे म्हणतात ते करतात. दाखला दिला नाही तर पेन्शन थांबेल, ते एक. पण खरी भीती ती नव्हे. ज्या माणसानं स्वतःला मेलेलं कळवायला सांगितलं, त्याला घरात रोज भरवायचं कसं?

९ सप्टेंबर

बत्तीस वह्या. कनका मामी सुई घेऊन मदतीला आल्या. पुठ्ठ्यावर रांगोळीचे ठिपके सुईनं टोचायची कल्पना त्यांची. उजेडात धरलं की ठिपके चमकतात. ठिपके कुठं टोचायचे ते हे सांगत होते, दुरून, नुसत्या नजरेनं. "दोन नूल अलीकडं." नूल म्हणजे इकडचं सूत, इंचाचा आठवा भाग. मामी म्हणाल्या, "अय्यो, यांच्या डोळ्यात फूटपट्टी आहे!" मला फार अभिमान वाटला. देवापुढं साखर ठेवली.

यांच्या डाव्या हाताच्या करंगळीखाली निळा डाग दिसला. मोरचूद. मी साबणानं घासून काढला. वाटी उचलताना लागलं असेल.

१३ सप्टेंबर, रविवार

उद्यापासून पितृपक्ष. शुभ काम बंद. चोपन्न वह्या आज संपवल्या, रात्र होण्याआधी खळीचं भांडं घासून पालथं घातलं. एक-एक वही उदबत्तीवरून फिरवून टोपलीत रचली. इतकी सुंदर वस्तू माझ्या हातून घडेल असं वाटलं नव्हतं. माझ्या हातून म्हणते, पण माप यांचं, नजर यांची. मी नुसते हात.

२१ सप्टेंबर

टोपलीत त्रेपन्न भरतात. तीनदा मोजल्या. घरात येतं कोण? अक्कांना विचारलं तर म्हणाल्या, "मी काय लिहू, माझं आत्मचरित्र?"

खळ बंद होऊन आठ दिवस झाले तरी यांच्या हाताचा निळेपणा जात नाही. रोज घासते, रोज दिसतो. मोरचूद वाईट, कातड्यात मुरतो. पुढच्या वेळी हळद घालून पाहीन.

मी दुपारी देवळात पुराणाला जाते तेव्हा हे झोप काढतात असं अक्का म्हणतात. बरं वाटतं. चेहऱ्यावर जरा तरतरी आहे.

२८ सप्टेंबर, सोमवार

आज अमावास्या, बाहुल्या मांडल्या. सात पायऱ्या. यांची गादी उन्हात टाकायला उचलली तर खाली चोपन्नावी वही! अक्कांनी दाबून सपाट करायला ठेवली असणार आणि विसरल्या असणार, वय झालं. वही जराशी फुगली होती, दमट हवा. वरची लक्ष्मी छान होती. तशीच टोपलीत ठेवली. हिशेब जुळला, मन हलकं झालं.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

आज सर्वांत जास्त बायका आल्या, सव्वीस. वह्यांनी धमाल केली. कुणी म्हणे, "लिहायला जीव होणार नाही, फ्रेम करू." एग्मोरहून आलेल्या कुमारस्वामी मामींनी पिवळा कोपरा नाकाला लावून पाहिला आणि म्हणाल्या, "ही तर खरीच हळद!" कनका मामींना मी मुद्दाम रुपेरी लक्ष्मीची दिली, ती फुगलेली; आपल्या माणसाला किंचित खोट चालते.

मी प्रत्येकीला सांगत होते, नजर यांची, माप यांचं. हे आतल्या खोलीत होते. ऐकू गेलं असेल.

संध्याकाळी हे गादी उलथीपालथी करत होते. एका हातानं. मी विचारलं, काय शोधता? "काही नाही." टोपलीही पाहिली. मग तोंड फिरवून निजले. जेवले नाहीत.

५ ऑक्टोबर

तीन दिवस हे असेच. भरवायला गेलं की दोन घास, मग ओठ मिटतात. अक्का माझ्याशी धड बोलत नाहीत. "अक्का, माझं काय चुकलं?" तर म्हणतात, "तुझं काही चुकत नाही गं सई, हाच तर त्रास आहे." याचा काय अर्थ घ्यायचा?

आता सारखं नोव्हेंबरचं मनात येतं.

८ ऑक्टोबर, गुरुवार, विजयादशमी

काल सरस्वतीपूजा. काल कुणी लिहायचं नाही, वाचायचं नाही. घरातली सगळी पुस्तकं, वह्या, लेखण्या देवीपुढं. ही डायरीही होती, माझी कात्रीही, सुयाही. म्हणून कालचं आज लिहिते.

काल सकाळी कनका मामी खाली आल्या. हातात ती वही. "सई मामी, तुमच्या घरात लहान मूल कोण आहे?"

"का हो?"

"यात कुणीतरी लिहायला शिकतंय. वाकडंतिकडं. उघडली आणि लगेच मिटली, आज वाचायचं नसतं. देवीपुढं ठेवा, तुमच्याकडचं आहे."

मी खरंच म्हटलं, आमच्याकडं मूल नाही, छापखान्याचा जुना कागद आला असेल. पूजेत ठेवली. दिवसभर ती रुपेरी लक्ष्मी समोर होती आणि मी तिला फुलं वाहिली. उघडायची नाही ती नाहीच. यांना खोलीतून ती दिसत होती. हे दिवसभर बाहेर आले नाहीत.

आज सकाळी पूजा उतरवली. उतरवल्यावर ठेवलेल्या पुस्तकातलं चार ओळी तरी वाचायचं असतं. माझा हात पोथीकडं न जाता त्या वहीकडं गेला.

पहिल्या पानावर नुसत्या रेघा. मग श्री. पडका, मोडका श्री. पान उलटत गेले तसा तो उभा राहत गेला. मग गावांची नावं, नकाशावर असतात तशी, शेजारी बारीक वर्तुळ काढून: गिंडी, एग्मोर, एन्नोर, चेंगलपट्टू. दहाव्या पानावर गिंडीचा फाटा मला ओळखता आला. तो फाटा दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही. आणि मग शेवटची आठ-नऊ पानं नुसती सही. के. मानाजी राव. के. मानाजी राव. चैत्राच्या आधीची. म्हणजे नवीच, पण तीच. प्रत्येक ओळीतली निळी शाई उजवीकडं पुसटलेली, जशी डाव्या हाताची करंगळी ओल्या अक्षरावरून जाते तेव्हा पुसटते.

तेव्हा मला मोरचूद कळला.

अक्का मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, "त्याला ते नवीन नाही. तो डावराच जन्मला. चौथ्या वर्षी अक्षराभ्यास केला तेव्हा आईनं त्याचा डावा हात फडक्यानं पाठीशी बांधला. सहा महिने, लिहिताना आणि जेवताना. गाठ मी मारायची. मी नऊ वर्षांची होते. तो रडायचा नाही, हात नुसता कापडात हलायचा." मग म्हणाल्या, "तू त्या दिवशी हात लपवायला लावलास ना, त्यानं तो उपरण्यात घेतला, तेव्हा मला ती गाठ आठवली."

डाव्या हाताचं काय ते शास्त्र मला नीट माहीत नाही; आईनं सांगितलं ते मी करत आले. पण काल दिवसभर देवीनं ती वही आपल्यापुढं ठेवून घेतली, माझी फुलं घेतली, आणि काही म्हटलं नाही. देवीला चालतं ते मला का चालू नये?

पितळी तबकात तांदूळ पसरले आणि यांच्यापुढं नेऊन ठेवले. आज लहान मुलांना तांदळात लिहायला बसवतात. हे तबकाकडं पाहत राहिले, मग माझ्या हातातल्या वहीकडं.

"कुठल्या हातानं?" विचारलं.

म्हटलं, "ज्यानं लिहिता त्या."

मुलाचा हात वडीलधाऱ्यानं धरायचा असतो. मी अक्कांना म्हटलं, धरा. "मी नाही," म्हणाल्या. "मी बांधला होता. तू धर."

मी माझ्या उजव्या हातानं यांचा डावा धरला. धरला खरा, पण चालवला यांनीच. तांदळात श्री उमटला. हे डोकं तिरकं करून पाहत होते. म्हणाले, "तांदूळ जाड आहे. बारीक घेतलास तर फाटा नीट येईल."

दुपारी भरवायला बसले तर माझ्या हातातला घास घेतला नाही. पान पुढं ओढलं आणि डाव्या हातानं जेवले. भात सांडला. मी आणखी वाढला. अक्का बोलल्या: "सगळं संपव."

एक गोष्ट मला कळली नाही. वहीत एन्नोर आणि एग्मोरच्या मधे, त्याच अक्षरात, तसंच वर्तुळ काढून, माझं नाव लिहिलं आहे. सईबाई. ते गाव असल्यासारखं. गावांची नावं संपली असतील.

५ नोव्हेंबर, गुरुवार

बँकेत गेलो. रिक्षा केली, आज चालत नको म्हटलं. रांगेत पाऊण तास. खिडकीशी रामस्वामीच होता. "कसे आहात, सार?" म्हणाला आणि न विचारताच शाईचं पॅड पुढं केलं.

यांनी डाव्या हातानं ते बाजूला सारलं. खिशातून पेन काढलं. टोपण माझ्याकडं दिलं.

सहीला वेळ लागला. मागचा एक गृहस्थ पुटपुटला, दुसऱ्यानं घड्याळ पाहिलं. मी रामनाम घेत होते, पण डोळे कागदावर होते. के. मग टिंब. मग सबंध नाव, एका दमात.

रामस्वामीनं सही पाहिली, जुन्या नमुन्याचं कार्ड काढलं, दोन्ही शेजारी ठेवली. तो अवघडून म्हणाला, "सार, सही छान आहे. पण जुन्या नमुन्याशी जुळत नाही. नवीन कार्ड भरावं लागेल. यावर पुन्हा तीन सह्या करायच्या. त्रास होईल, नाही तर अंगठा…"

"तीनच?" यांनी विचारलं.

मागचा गृहस्थ उसासा टाकून बाकावर जाऊन बसला. यांनी तीन सह्या केल्या. तिसरीचा फाटा पहिलीपेक्षा चांगला आला. ते यांनाही कळलं. कारण ती पूर्ण झाल्यावर यांनी कार्ड लगेच दिलं नाही, क्षणभर धरून ठेवलं.

घरी येऊन हात धुवायला तांब्या दिला. करंगळीखाली निळं होतं. साबण मागितला नाही, मीही दिला नाही.